हे पात्र कुणाला हवंय?

रविवार, २ तारीख

आले एकदाची. खोली वरच्या मजल्यावर आहे. एक खिडकी रस्त्याकडे, दुसरी मागच्या पाण्याच्या टाकीकडे. पलंग कुरकुरतो, पण मीही कुरकुरतेच, तेव्हा जमेल आमचं. ताई सोडायला आली होती. तिने आल्या आल्या दाराची कडी तपासली, नळ सोडून पाहिला, गादी उलटी करून ढेकूण शोधले आणि ते सापडले नाहीत म्हणून जराशी हिरमुसली. आईच्या मागे तिनेच मला वाढवलं, त्यामुळे माझी गादी उलटी करण्याचा हक्क तिचाच. निघताना बजावून गेली की इथे नवीन आहेस, जिभेला जरा लगाम घाल. आणि रोज संध्याकाळी फोन करून जेवलीस का विचारीन, तो मुकाट्याने उचलायचा. मी म्हटलं, मी काय कुक्कुलं बाळ आहे? ती म्हणाली, आहेसच. बस वळेपर्यंत तिचा हात खिडकीबाहेर होता.

घरमालकीण खाली राहतात. सगळे त्यांना मावशी म्हणतात, मीही म्हणायला लागले. बुटक्या, नीटनेटक्या, आवाज इतका हळू की पुढे वाकून ऐकावं लागतं. त्यांच्या पुढच्या खोलीत भिंतभर कादंबऱ्या आहेत. दर रविवारी दुपारी तिथे वाचणारी माणसं जमतात आणि सध्या हातात असलेल्या कादंबरीबद्दल आपापलं मत सांगतात. वाचून संपवलेली चालत नाही म्हणे, अर्धवट वाचलेलीच हवी. मला यायचं आमंत्रण आहे. आजवर मी मतं न विचारता देत आले. कुणी घरी बोलावून मागतंय हे पहिल्यांदाच.

मंगळवार, ४ तारीख

चष्म्याच्या दुकानातली नोकरी आवडली. भिंगं घासायची, फ्रेममध्ये बसवायची, गिऱ्हाइकाच्या कानामागे काडी टोचत असेल तर ती गरम करून वाकवून द्यायची. मालक दिवसभर जांभया देतो, पण पगार वेळेवर देतो असं ऐकलं. दुकानाच्या पायरीवर काचेची पेटी मांडून एक म्हातारा घड्याळवाला बसतो. दिवसभर एकच चाल गुणगुणतो, आणि तीही अर्धीच. आज त्याने माझं मनगटी घड्याळ उघडून साफ करून दिलं. पैसे घेतले नाहीत. म्हणाला, चष्मेवाल्या बाई, शेजाऱ्याकडून घेतले तर हात थरथरतो.

मावशींनी वाचायला एक कादंबरी दिली आहे. नव्या माणसाला आधी हीच, असा त्यांच्याकडे रिवाज. एक मुलगी परक्या गावात येते आणि पेनांच्या दुकानात नोकरीला लागते. संथ आहे. संध्याकाळी ताईला फोनवर अख्खी गोष्ट सांगितली, तर ती मध्येच विचारते, जेवलीस का?

रविवार, ९ तारीख

आज बैठक झाली. मावशींखेरीज दोघं होते, एक दाताचे डॉक्टर आणि एक शिकवणीवाल्या बाई. डॉक्टर जहाजावरची कादंबरी वाचताहेत आणि तिच्यावर फिदा आहेत. मी म्हटलं, जहाज बंदरातून हलेपर्यंत वाचणाऱ्याला डुलकी लागते. तुम्ही दात काढायला इतका वेळ लावलात तर पेशंट खुर्चीसकट पळेल. बाईंच्या हातात प्रेमकथा होती. तिचा नायक म्हणजे ओला बोळा आहे, असं मी सांगितलं. दोघांच्याही नाकाला मिरच्या झोंबल्या. बाईंनी पदराने चष्मा पुसला आणि तो परत डोळ्यांवर न चढवता माझ्याकडे बघत राहिल्या. मत मागायचं आणि मग तोंड वाकडं करायचं, याला काय अर्थ आहे?

शेवटी मावशींचा एक गमतीचा रिवाज असतो. कादंबरीतलं एखादं पात्र फुकटचं वाटलं तर सांगायचं. मग मावशी सगळ्यांना विचारतात, हे पात्र कुणाला हवंय? एकानेही हवंय म्हटलं की ते राहतं. कुणीच बोललं नाही, तर मावशी पुस्तकात त्या पात्रावर पेन्सिलीने आडवी रेघ मारतात. माझ्या कादंबरीत पेनांच्या दुकानाच्या पायरीवर एक छत्र्या दुरुस्त करणारा बसतो आणि नुसता गुणगुणत असतो. मी म्हटलं, याचं काय काम आहे इथे? कुणीच बोललं नाही. मावशींनी रेघ मारली. मला फार बरं वाटलं.

सोमवार, १० तारीख

पायरी रिकामी होती. मालकाला विचारलं, घड्याळवाला आज आला नाही का? तो म्हणाला, कुठला घड्याळवाला? मी मनगट पुढे केलं, हे त्यानेच साफ केलंय म्हटलं. तो म्हणाला, घड्याळ चांगलं आहे. पेटीच्या जागी तुळतुळीत शेवाळ धरलेली एक कुंडी आहे. तिच्यातल्या झाडाची मुळं पायरीच्या फटीत शिरली आहेत. ही काल ठेवलेली नाही.

नव्या माणसाची खेचतात सगळीकडे. मी हसून सोडून दिलं. पण दिवसभर दुकान फार शांत होतं.

शनिवार, १५ तारीख

ताईशी भांडले. बैठकीतली गंमत सांगितली, तर ती हसलीच नाही. म्हणाली, उचलली जीभ लावली टाळ्याला, हे तुझं कधी सुटणार? त्या दोघांची माफी माग. मी म्हटलं, मला तुझे धडे नकोत आणि तुझे फोनही नकोत. तरी तिने विचारलंच, जेवलीस का? मी फोन आपटला.

रविवार, १६ तारीख

रागातच खाली गेले. कादंबरीतल्या मुलीला एक मोठी बहीण आहे. रोज फोन, रोज तोच प्रश्न. मी म्हटलं, ही बया कशाला हवी? काढली तर कथा पळेल तरी. डॉक्टर खूष झाले, आज पहिल्यांदाच माझ्याकडे बघून मान डोलावली. मावशींनी विचारलं, हे पात्र कुणाला हवंय? मग पुन्हा विचारलं, या वेळी फक्त माझ्याकडे बघून. मी गप्प बसले. रेघ मारून झाल्यावर त्यांनी पेन्सिलीचं टोक फुंकलं.

सोमवार, १७ तारीख

ताईचा फोन नाही. रुसली आहे. मीही करणार नाही.

मंगळवार, १८ तारीख

शेवटी मीच लावला. कुणी पुरुष बोलला. हा नंबर कित्येक वर्षं त्याचाच आहे म्हणाला. पुन्हा लावला, पुन्हा तोच, आता चिडून. मग आमच्या शेजारच्या काकूंना फोन केला. त्या म्हणाल्या, अगं, तुला कुठली बहीण? तू एकुलती एक. आई गेल्यावर मामांकडे वाढलीस, विसरलीस का?

आम्हाला मामा नाहीत.

तेव्हा कळलं. पायरी, कुंडी, पेन्सिल, सगळं एकदम कळलं. धावत खाली गेले. मावशी चहा गाळत होत्या, शिकवणीवाल्या बाई बसल्या होत्या. मी पाया पडून सांगितलं की ती रेघ खोडा, मी रागात बोलले, मला ती हवी आहे. मावशी हळू आवाजात म्हणाल्या की मत एकदा दिलं की दिलं. बाई म्हणाल्या, आम्हाला फाडत होतीस तेव्हा कशी बाई मजा येत होती? आणि कप पुढे केला.

पुस्तक हिसकावून घेतलं. वर आणून रबराने खोडलं. पान फाटलं, रेघ तशीच.

गुरुवार, २० तारीख

ताईच्या हनुवटीवर तीळ होता. डावीकडे — की उजवीकडे? आवाज आठवतो. सकाळी आठवत होता. लिहून ठेवते. ताईला कारलं आवडायचं. नाही, ते मला आवडतं. ताई उंच होती. बहुतेक.

रविवार, २३ तारीख

मी आज बैठकीत तोंड उघडलं नाही. ते तिघं बोलले. डॉक्टर म्हणाले, त्यांच्या जहाजावर एक नवी प्रवासी बाई चढली आहे, सगळ्याला नावं ठेवते, कथेला काडीचा उपयोग नाही. बाईंच्या प्रेमकथेत वरच्या खोलीत एक भाडेकरू राहायला आली आहे. फटकळ. फुकटची. मावशींनी माझी कादंबरी मांडीवर घेतली, माझ्या खोलीतून ती खाली कधी आली कोण जाणे, आणि म्हणाल्या, हिच्यातलीही तशीच आहे.

मग विचारलं, हे पात्र कुणाला हवंय?

मी म्हटलं, मला. मला हवंय.

मावशी म्हणाल्या, पात्राला मत नसतं गं.

डॉक्टर पेन्सिल पुढे करत होते, पण मावशींनी हात वर केला. रिवाजाप्रमाणे मला पुढच्या रविवारपर्यंत मुदत आहे. मी हवी आहे असं म्हणणारा कुणीही एक जण, बाहेरचा चालेल, घेऊन यायचा. एकच पुरे, असं त्या अगदी मायेने म्हणाल्या. बाई हसू दाबत होत्या.

मंगळवार, २५ तारीख

बसस्टँडवर गेले. बस आली, चढले, खिडकीपाशी बसले. उतरले ती इथेच, मावशींच्या दारात. दोनदा.

मालकाला विचारलं, रविवारी येऊन एवढंच सांगाल का, की मी हवी आहे? तो म्हणाला, काम बरं करतेस, पण हवी म्हणजे — विचार करून सांगतो.

शुक्रवार, २८ तारीख

मालकाने विचारलं, कुणाचा चष्मा आहे, बाई, नंबर काढायचाय का. माझ्या स्टुलावर दुसरीच मुलगी बसून काडी वाकवत होती.

शेजारच्या काकूंनी फोनवर माझं नाव पुन्हा पुन्हा विचारलं आणि ठेवून दिला. आणखी कुणाला लावू? माझं कुणी नाही. मी एकटीच वाढले — मामांकडे — तेही गेले असतील.

तरी संध्याकाळ झाली की फोनकडे बघत बसते. का, ते कळत नाही. भूक लागत नाही आणि कुणी विचारतही नाही.

रविवार, ३० तारीख

खाली जमले आहेत. खुर्च्या ओढल्याचा आवाज आला. मला बोलावलं नाही.

कप ठेवले. डॉक्टरांचं हसू.

ही वही पहिल्यापासून चाळते आहे — पहिल्याच पानावर कुणीतरी आहे. कडी तपासली, गादी उलटी केली, बसमधून हात हलवला. अक्षर माझंच. ताई म्हणून लिहिलंय. ही कोण? मला बहीण नाही. पण हिने ढेकूण शोधले. रोज फोन करीन म्हणाली. मी काहीतरी केलंय हिचं — सोळा तारखेला — मीच —

मावशी विचारताहेत. फरशीतून ऐकू येतंय. हे पात्र कुणाला

कुणी बोलत नाही

पुन्हा विचारतील, दोनदा विचारतात, तेवढ्यात जिन्यावरून ओरडून सांगते, थांबा, एक जण आहे, एकच पुरे म्हणालात ना, माझी ताई आहे, ताईला मी