निळी दीर्घिका, तांबडी दीर्घिका आणि एक इस्त्री

तीर्थरूप काकांना तुमच्या पुतणीचा नमस्कार.

मी इकडे ठीक आहे. (अगदी ठीक म्हणणं खरं होणार नाही, घसा बसला आहे, पण पत्रात घशाची बातमी दिली की काकू घाबरतात, म्हणून ठीकच समजा.) तुमची पाठ कशी आहे? कापड बेतायला वाकलात की मधूनमधून सरळ होत जा, असं डॉक्टरांनी सांगितलेलं तुम्ही मनावर घेतलेलं नाही हे मला माहीत आहे. तुमच्या कात्रीचा आवाज दुकानातल्या भिंतीपलीकडे बाबांना न थांबता ऐकू येतो आणि ते मला फोनवर तसं कळवतात. काळजी म्हणून नव्हे, तक्रार म्हणून. मीही फोनच केला असता, पण तुम्ही फोन शिलाई मशीनवर ठेवून मोठ्या आवाजात बोलता आणि पलीकडे बाबांचं मशीन बंद पडतं. (बिघडून नव्हे.) म्हणून पत्र. ते तुम्हाला कोणी वाचून दाखवावं याचाही मी बराच विचार केला आणि तशी व्यवस्था केली आहे. तिच्याबद्दल शेवटी. वाचणाऱ्यांना एवढीच विनंती, की कंसातलंही मोठ्यानं वाचावं, गाळू नये.

आधी एक दुरुस्ती. मी अवकाश खात्यात आहे असं तुम्ही गिऱ्हाइकांना सांगता, ते कृपा करून थांबवा. आमची कंपनी मोबाइलवर ऐकायच्या मालिका काढते. त्यातल्या एका मालिकेसाठी विश्व तयार करणं हे माझं काम. कोणत्या ग्रहावर कोण राहतं, त्यांना हात किती, कोणाचं कोणाशी पटत नाही हे मी ठरवते, आणि पहिल्या भागात दिलेले हात पाचव्या भागात कमी पडत नाहीत ना ते बघते. माझं टेबल झेरॉक्स मशीनला लागून आहे. त्या टेबलाला ऑफिसात विश्व विभाग म्हणतात. विभागात मी एकटीच, आणि तीही अजून कायम झालेली नाही. ही मालिका नीट संपली तर करतील.

सुरुवातीलाच घोळ झाला. आपल्या घरातून शाळेत गेलेली मी पहिली. शाळेत मला जे आहे ते नीट लिहायला शिकवलं, नाही ते कसं लिहायचं हे कोणी शिकवलं नाही. आमचे मुख्य लेखक म्हणाले, "दोन दीर्घिका घे आणि त्यांच्यात हाडवैर दाखव." (दीर्घिका म्हणजे ताऱ्यांचं भलंमोठं गाव, एवढं पुरे.) मी दोन दिवस कोरा कागद समोर ठेवून बसले. मला हाडवैर एकच माहीत होतं. तेव्हा मी एक अखंड दीर्घिका घेतली, तिच्या मधोमध भिंत घातली, आणि दोन्हीकडे एकेक सम्राट बसवला. दोघं सख्खे भाऊ, दोघं एकमेकांना फक्त "पलीकडचे" म्हणतात. पहिल्या मसुद्यात दोन्ही दीर्घिकांचं नावही पलीकडची असंच होतं. कोण कोणावर चाल करून जातंय हे नटांना कळेना, म्हणून मग नावं दिली. बाबांच्या खडूवरून निळी आणि तुमच्या खडूवरून तांबडी. हे कोणाच्या लक्षात येणार नाही असं मला खरंच वाटलं होतं.

मग सूर्याचा प्रश्न आला. आजोबांची कोळशाची इस्त्री जशी भिंतीतल्या झरोक्यातून दुपारी बाबांकडून तुमच्याकडे येते आणि संध्याकाळी परत जाते, तसा दोन्ही दीर्घिकांना मिळून मी एकच सूर्य दिला. सकाळी निळीत, दुपारनंतर तांबडीत. कात्रीचे दोन ठोके वाजले की निळ्यांनी सूर्य सरकवायचा, बोलायचं कोणी नाही. आमच्याकडे विज्ञान सल्लागार म्हणून एक निवृत्त मास्तर येतात. ते म्हणाले की सूर्य असा भिंतीतून सरकवता येत नाही. मी म्हटलं, मूठ असेल तर येतो. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि मूठ लाकडी की लोखंडी ते विचारलं. त्या दिवसापासून आमचं चांगलं जमतं.

वैराचं कारणही मी खरंच ठेवलं. परग्रहावरचा एक राजदूत दोन्ही सम्राटांकडून मिळून अंगरखा शिवून घेतो आणि त्याच्या सगळ्या बाह्या डाव्या निघतात. निळे म्हणतात बेतताना चुकलं, तांबडे म्हणतात जोडताना चुकलं. बँडमास्तरांच्या कोटाचं आपल्याकडे जे झालं ते सगळं घातलं आहे. ते एकच हात हलवतात आणि दुसरा खिशात ठेवतात, त्यामुळे दोन डाव्या बाह्यांचा तो कोट त्यांना आवडला आणि ते तो घालून अजूनही वाजवतात, हेसुद्धा. माझ्या राजदूताचे तर सगळेच हात डावे, तो खूश होऊन गेला. भिंत मात्र राहिली. श्रोत्यांना हा भाग फार आवडला. त्यांना वाटलं मी कल्पनेची कमाल केली. मी कोणालाही फसवलं नाही, फक्त विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही. (हे फसवणं होतं का, याचा विचार मी अजून करते आहे.)

पुढे मालिका तुमच्या दोघांपर्यंत पोचली, भिंतीच्या दोन्ही बाजूंना मशीनवर ठेवलेल्या फोनवर वाजू लागली, आणि मला दोन्ही दीर्घिकांकडून निरोप येऊ लागले. काकूंनी तुमचा निरोप दिला, "तांबड्या सम्राटाला टक्कल कशाला? ऐकणाऱ्याला दिसतंय थोडंच." दिसत नाही हे बरोबर, पण दुसऱ्या भागात निवेदकानं ते म्हटलेलं आहे आणि टक्कल आता मागे घेता येत नाही. (वाचणाऱ्यांनी हसू नये. निळ्या सम्राटाचं पोट त्याच भागात सिंहासनात अडकतं.) बाबांचं म्हणणं असं, की सूर्य पेटवायची यातायात रोज निळ्यांनी करायची आणि तांबड्यांना तो आयता तापलेला मिळतो, हा न्याय नव्हे. तुमचं म्हणणं, सूर्य राखेनं भरलेला मिळतो. मी दोन्ही तक्रारी सातव्या भागात घातल्या. त्या भागाला बक्षीस मिळालं.

आता शेवटचा भाग आला आहे. मुख्य लेखकांचं म्हणणं, एक दीर्घिका उडवायची. कोणती ते मी ठरवायचं. मी विचारलं, दोन्ही वाचल्या तर? ते म्हणाले, "वाचव ना. पण मग ते दोघं एकमेकांशी काय बोलतात ते लिहून आण. पहिलं वाक्य. खरं वाटलं पाहिजे, नाहीतर स्फोट." तेव्हापासून मी ते वाक्य शोधते आहे. आधी लिहिलं, निळा सम्राट म्हणतो, झालं गेलं विसरून जाऊ. मुख्यांनी विचारलं, "हा कोण बोलतोय?" मी ते खोडलं. मग तांबड्या सम्राटाला माफी मागायला लावली तर तालमीत नट हसायला लागला, आणि त्याचं बरोबर होतं. आपल्या घरात कोणी कधी माफी मागितल्याचं मला आठवत नाही. भांडण संपलं की कोणीतरी चिडक्या आवाजात "जेवायला बसा" म्हणतं आणि बाकीचे बसतात. पण सम्राटांच्या मध्ये भिंत आहे आणि ते वेगवेगळे जेवतात. त्यांना कोण बोलावणार?

तर काका, पत्र लिहायचं कारण एवढंच, की सोमवारी रेकॉर्डिंग आहे आणि त्यात तांबडी दीर्घिका उडाली तर मनाला लावून घेऊ नये. निळी उडाली तर तिकडेही हेच सांगणार आहे. पाठीला शेक घ्या, काकूंना घशाबद्दल काही बोलू नका.

तुमची
पुतणी

ता. क. आता वाचायच्या व्यवस्थेबद्दल. तुमची पत्रं समोरचे औषधवाले वाचून दाखवतात. मी त्यांना फोन करून विनंती केली की हे एक वाचू नका. ते म्हणाले, "मग काय सांगू, अक्षर लागत नाही म्हणू?" मी म्हटलं, डॉक्टरांचं अक्षर लावणाऱ्या माणसानं असं म्हणणं खोटं होईल. शेवटी, घरचं पत्र आहे, घरच्यांनीच वाचावं, असं सांगायचं ठरलं. ते खरं आहे. तुम्हाला टेपवरचे आकडे वाचता येतात, अक्षरं नाहीत. काकूंना आकडेही येत नाहीत. मी पाटीवर अक्षरं गिरवायचे तेव्हा मशीन चालवता चालवता बाबाही शिकले, आणि त्यांना आजही फक्त माझंच अक्षर वाचता येतं. म्हणून हे टाइप केलेलं नाही. पोस्टमन तुमच्या गल्लीत दुपारी येतो, त्याच सुमारास झरोका उघडलेला असतो.

ता. क. २. तेव्हा बाबा, इथपर्यंत वाचल्याबद्दल आभार. सिंहासनाचं वाक्य गाळलं असेल तर परत मागे जाऊन वाचा.

ता. क. ३. खरी विनंती ही. पत्र झरोक्यातून सरकवताना काका काय म्हणाले, ते जसंच्या तसं सोमवारच्या आत कळवा. चांगलं करून सांगू नका. मी अंदाजानं "दादा, पोरीचं पत्र आलंय, वाच" असं लिहून ठेवलं आहे आणि ते मुख्यांना पटलं आहे. पण काका काहीच बोलले नसतील, नुसते दोन ठोके देऊन पाकीट ठेवलं असेल, तर तसं स्पष्ट सांगा. मग मला ते वाक्य ठेवता येणार नाही. मी दोन चिठ्ठ्या टाकीन आणि निघेल ती दीर्घिका उडवीन.

ता. क. ४. हे वाचायला घ्यायच्या आधी सूर्य काकांच्या हातात दिला होता, की दोघांनाही वाटतंय तो दुसऱ्यानं धरलाय? जळका वास येत असेल तर आधी खाली बघा. बाही कोणाची ते नंतर ठरवा.