मशीन हाताला मिळेल असा कोर्स

८ एप्रिल

परत वेल्ह्याची लाइन बंद! सकाळपासून फोन घेऊन घेऊन कान गरम झालाय. आणि कारण काय, तर आमच्या टेक्निशियनच्या, गोरखच्याच आईनं, ठकुबाईंनी, भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा पेटवून राब भाजला – बरोब्बर इंटरनेटच्या तारेखाली. ती तार गोरखनंच तिथं आंब्यावरून ओढलेली. फोनवर ठकुबाई उलट मलाच म्हणतात, "आमी काय आज राब भाजतोय व्हय? तार मागनं आली!" खरंच आहे.

आणि गोरखनं काय करावं? जळकं कापलं, दोन टोकं एकमेकांना टेकवली आणि काळी चिकटपट्टी गुंडाळली. इतकी वर्षं केबल टीव्हीची तार तशीच जोडली ना! अरे बाबा, ही आतून काच आहे. केसाएवढी काच. चिकटपट्टीनं जुळते होय!

१० एप्रिल

ज्या कंपनीकडून इंटरनेट घेऊन आम्ही गावोगाव देतो, तिथला साहेब आला होता. यापुढं जोड काच वितळवून जोडणाऱ्या मशीनवरच, आणि तोही सर्टिफिकेटवाल्या माणसानंच करायचा. मे अखेरपर्यंत दाखवा, नाहीतर वेल्ह्याचं खोरं दुसऱ्याला.

निम्म्याहून जास्त गिऱ्हाईक माझं त्या खोऱ्यात आहे! सासऱ्यांचा केबलचा धंदा मी इथवर आणला, डोंगरात खांब रोवले, लोकांच्या शिव्या खाल्ल्या. आणि हा चहाबरोबर माझीच बिस्किटं खात मला दम देतो.

१३ एप्रिल

कोर्स शोधून शोधून डोकं उठलं. पुण्यातला एक – "मॅडम, एसी क्लासरूम, जेवण, वर बॅग मिळेल." म्हटलं, मशीन हाताला मिळतं का? "प्रोजेक्टरवर दाखवतो ना!" पोहायलाही प्रोजेक्टरवरच शिकवता का हो, असं विचारलंच मी. फोन ठेवला त्यानं.

दुसरा मशीन विकणारा. शिकवणं फुकट, अर्ध्या दिवसात. सर्टिफिकेट? "मशीन घेतलंत की लगेच." छान!

१४ एप्रिल

ऑनलाइनचा एक बघितला. सगळं इंग्रजीत. इंद्रजितला – माझा दुसरा टेक्निशियन, आयटीआय झालेला – त्याला दाखवला. म्हणतो, "ताई, दीडपट वेगानं लावला की लवकर संपतो." एक ठेवून देणार होते.

१९ एप्रिल

मिळाला!! भोसरीला. दोन आठवडे, तिथंच राहून. मशीन हातात देतात, आणि परीक्षेत जोड स्वतः करून दाखवल्याशिवाय सर्टिफिकेट नाही. शिकवणाऱ्या बाई पक्क्या आहेत. मी विचारलं, पोरं जास्त कुठं चुकतात? "तार शर्टाला पुसतात." आमचा गोरख शर्टालाच पुसतो.

आता पाठवू कुणाला? दोघं एकदम गेले तर लाइनवर कोण? इंद्रजित पटकन शिकेल. पण सर्टिफिकेट हातात पडलं की तो पुण्यात राहणार, मला दिसतंय ना! काम येईल पण माणूस पळणार नाही, असा कोर्स कुणी काढत का नाही?

२० एप्रिल

गोरखच. तो कुठं जातोय? भाताची खाचरं आहेत, आई आहे, बायको-पोरं आहेत.

कोर्सच्या बाई म्हणत होत्या, तुम्हीच या की. मी! मग ऑफिस कोण बघणार?

२२ एप्रिल

गोरख जायलाच तयार नाही! "वैनी, म्या धावी नापास. तितं इंग्लिशमदी बोलत्याल. इंद्रजितला धाडा." अरे, मराठीत शिकवतात! तासभर घसा फोडला. शेवटी ठकुबाईंना फोन लावला. त्या एवढंच म्हणाल्या, "जातंय. न जाऊन सांगतंय कुणाला!"

२७ एप्रिल

गेला एकदाचा. नसरापूरला मीच एसटीत बसवून दिला.

१ मे

गोरखचा फोन. "वैनी, जोड जमला! कुठं जोडलंय ते बी कळंना!" किती बोलत होता! इतक्या वर्षांत माझ्याशी एवढं बोलला नसेल. ऐकून फार बरं वाटलं.

बाकी वैतागच. किकवीला टेम्पोनं तार तोडली, इंद्रजित एकटा धावतोय आणि मला ऐकवतोय, "मला पाठवलं असतं तर!" गप काम कर म्हटलं.

१२ मे

पास! पहिल्याच दमात! ऑफिसात पेढे वाटले. सर्टिफिकेटचा फोटो मीच कंपनीच्या साहेबाला पाठवला. खोरं वाचलं बाई माझं.

२ जून

कंपनीनं वेल्ह्याचं खोरं थेट गोरखला दिलं. यापुढं सर्टिफिकेट ज्याच्या नावावर, काम त्याच्याच नावावर. वर साहेब मलाच म्हणतो, "अभिनंदन मॅडम, तुमचाच माणूस!"

संध्याकाळी गोरख आला. दारातच उभा, मान खाली. "वैनी, त्यांनी इचारलं. म्या व्हय म्हणून बसलोय."

हाणावंसं वाटलं. रडूही आलं. आत येऊन बस म्हटलं त्याला – दुसरं काय म्हणणार!