न गिळलेल्या गोळ्या

१२ जुलै

प्रिय बाबा,

नमस्कार. गुडघा कसा आहे? पट्टा बांधायचा कंटाळा करू नका. फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तुम्ही मनानेच जुळवता, म्हणून लिहून कळवते. आधीच सांगते, तुमचा लेक, आपला चिमण, ठणठणीत आहे. आता न घाबरता पुढचं वाचा.

मी सांडपाण्यात औषधं शोधते हे तुम्हाला माहीतच आहे. सध्या आमचं काम फिटच्या एका गोळीवर चाललंय. पाणी शुद्ध केलं तरी ती पुरती निघत नाही, पार नदीत जाते, म्हणून माशांचं काय होतं ते बघायचंय. त्यासाठी गल्लोगल्लीच्या चेंबरमधून पाणी घेतो. गोळी गिळली की शरीरात तिचं रूप बदलतं, आणि ते बदललेलं रूप पाण्यात ओळखू येतं. मागच्या आठवड्यात एका चेंबरच्या पाण्यात औषध भरपूर होतं, पण बदललेलं रूप जवळजवळ नव्हतंच. म्हणजे कुणीतरी गोळ्या न गिळता टाकून दिल्या होत्या.

चेंबर चिमणच्या घरामागचं होतं. जुनं औषध लागू पडेना म्हणून डॉक्टरांनी त्याला हीच गोळी दिली होती.

बाबा, मला वाटलं, यानेच गोळ्या टाकल्या. हा माणूस दिवसभर शिडीवर चढून खिडक्यांना काचा बसवतो! आमच्या कामात असं कुणाच्या घरात डोकावायचं नसतं, पण मला राहवेना. तडक गेले.

तो काचेच्या कडा घासत बसला होता.

"गोळ्या घेतोस ना?"

"घेतो की."

"खोटं बोलू नकोस. संडासात टाकल्यास तू."

त्याने काच खाली ठेवली. "ताई, तू माझ्या संडासापर्यंत पोचलीस?"

एरवी मी हसले असते. तेव्हा रडायलाच लागले. मग तुमची सूनबाई आतून आली आणि त्याला म्हणाली, "आता सांगून टाक ताईंना."

गोळी सुरू झाल्यावर काही दिवसांनी त्याला ताप आला, तोंड आलं, छातीवर लाल चट्टे उठले. हा म्हणे, "उष्णता झाली असेल." सूनबाईने ऐकलं नाही, ओढतच दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी बघताक्षणी गोळी बंद केली, भरती करून घेतलं आणि फिट येऊ नये म्हणून दुसरं औषध दिलं. काही माणसांच्या अंगाला ती गोळी सोसतच नाही. आणखी उशीर झाला असता तर कातडी सोलवटून जिवावर बेतलं असतं. आपल्याला मात्र या दोघांनी "बाहेरगावी काम आहे" म्हणून सांगितलं होतं. घरी आल्यावर उरलेल्या गोळ्या पोरीच्या हाती लागू नयेत म्हणून त्याने संडासात ओतल्या, आणि नेमकी तेव्हाच आमची बाटली चेंबरमध्ये!

नवीन औषध चांगलं सोसतंय. शिडी तूर्त बंद आहे. कुरकुरतो, पण ऐकतो. उरलेली औषधं दुकानात परत द्यावीत, यावर मी त्याला चांगलं लेक्चर दिलं. तो म्हणाला, "मी वाचलो, पुढचे मासेही वाचतील. आता चहा घे." आणि हो, तुम्हाला-मला कधी ही गोळी लिहून दिली तर चिमणचं झालेलं आधी सांगायचं. रक्ताचं नातं आहे.

मी एवढी का रडले, ते तुम्हाला कळलंच असेल. आईनेही "बरं वाटतंय" म्हणत फिटच्या गोळ्या बंद केल्या होत्या. तुम्हाला माहीत आहे, मलाही आहे, पण आपण कधी बोललो नाही. चिमण तेव्हा लहान होता. त्याला अजून वाटतं, ती जिन्यावरून पाय घसरून गेली.

रविवारी तो तुमच्याकडे येतोय. आजारपणाचं स्वतःच सांगणार आहे. पहिल्यांदाच ऐकताय असा चेहरा करा, तुम्हाला जमतं ते. मग आईचं तुम्ही त्याला सांगा. ते त्याने तुमच्याच तोंडून ऐकायला हवं. तो बरा आहे, बाबा. ऐकून घेईल.

बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवलेली,
तुमची थोरली