सहासष्ट पुस्तकं, एक हंसपद

१ सप्टेंबर, रविवार. दुपारी.
आज आयुष्याला वळण लागलं. नोव्हेंबरच्या चोवीस तारखेला आमच्या चर्चला शंभर वर्षं होतात. त्यानिमित्त हॉलमध्ये प्रदर्शन आहे, 'बायबल आपल्यापर्यंत कसं आलं'. पाळकांनी प्रवचनाच्या शेवटी विचारलं, संपूर्ण बायबल हाताने लिहून काढायला कोण तयार आहे? नेमकं त्याच क्षणी बायकोने मला कोपर मारलं आणि मी ताडकन उभा राहिलो. टाळ्या पडल्या.

बायकोचं म्हणणं, मी झोपलो होतो आणि दचकून उठलो. साफ खोटं. मी प्रवचन डोळे मिटून ऐकतो, त्याने एकाग्रता वाढते. ही म्हणते, चौतीस वर्षं तुमची एकाग्रता ऐकतेय, माझ्याकडे लेखी पुरावा आहे. कसला पुरावा!

प्रत काचेच्या पेटीत राहणार. खाली माझं नाव. छापखान्यात बत्तीस वर्षं प्रूफरीडर होतो, हजारभर पुस्तकांतल्या चुका काढल्या, एकावरही माझं नाव आलं नाही. आता येईल.

२ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ६.१०
नियोजन. पुस्तकं सहासष्ट. अध्याय अकराशे एकोणनव्वद. दिवस त्र्याऐंशी. रोज साडेचौदा अध्याय केले तर एक दिवस आधीच संपतं. तो दिवस विश्रांती. उत्पत्तीच्या पुस्तकातही देवाने सातव्या दिवशी असंच केलं.

आज सुरुवात करणार होतो, पण साधनं नीट हवीत. अस्सल काम अस्सल पद्धतीने.

३ सप्टेंबर
कातडं मिळतं का बघायला बूट दुरुस्त करणाऱ्याकडे गेलो. मेव्हण्याने (बायकोचा थोरला भाऊ, इतिहासाचा निवृत्त मास्तर, न विचारता माहिती देतो) सांगितलं होतं की एकेका जुन्या मोठ्या बायबलला शेकडो जनावरांची कातडी लागली. बूटवाला म्हणाला, साहेब, टाचेपुरतं मिळेल.

कागदावरच लिहायचं ठरवलं.

४ सप्टेंबर
शाई घरी केली. दिव्याची काजळी, डिंक, पाणी. पूर्वीचे लोक अशीच करत. बायकोचं दुधाचं पातेलं कायमचं काळं झालं आहे. म्हणजे शाई टिकाऊ आहे, हे सिद्ध झालं. बायकोला हा मुद्दा पटला नाही.

५ सप्टेंबर
बोरूने शुभारंभ. उत्पत्ती, अध्याय पहिला. उजेड आणि अंधार वेगळे होईपर्यंत पोहोचलो. मग शाई सांडली आणि ते परत एक झाले.

९ सप्टेंबर, सोमवार
लेखन चार दिवस बंद. अंगठा सुजला. बायको औषधाच्या दुकानात तीस वर्षं होती, तिने मलम लावलं आणि जेल पेन आणून दिलं. घेतलं. नव्या करारातली पत्रं लिहिणाऱ्या पौलाला कुणी जेल पेन दिलं असतं तर त्याने नको म्हटलं नसतं.

१७ सप्टेंबर
सखोल विचार केला. जुना करार शेकडो वर्षं नकलनवीसांनी डोळ्यांत तेल घालून जपला. अक्षरं मोजायचे, शब्द मोजायचे, पुस्तकाचा मधला शब्द कुठला तेही ठाऊक असायचं. त्यांच्या कामात मी ढवळाढवळ करणं बरं दिसत नाही. फक्त नवा करार करावा. दोनशे साठ अध्याय. किरकोळ.

पाळकांना फोन केला. ते म्हणाले, जमेल तेवढं करा. मला हा सूर आवडला नाही.

३० सप्टेंबर, सोमवार
मत्तयाचा पहिला अध्याय पूर्ण! सगळी वंशावळ. अमक्याला तमका झाला, तमक्याला ढमका झाला. एकच शब्द दोन ओळींत आला की डोळा खालच्या ओळीवर उडी मारतो आणि मधला मजकूर गळतो. मेव्हणा म्हणाला, जुन्या हस्तलिखितांतही हेच व्हायचं, कधी कधी अख्ख्या ओळी गायब. म्हटलं, प्रूफरीडरच्या हातून होणे नाही. फक्त तीनदा झालं. दोन आजोबा आणि एक नातू परत आणावे लागले.

वेग कमी पडतोय. पौल स्वतः लिहीत नसे, तोंडी सांगे, लेखनिक लिहून घेई. तोच मार्ग बरा. बायकोला बसवलं आणि सांगायला लागलो. चौथ्या ओळीला म्हणाली, मला बाजारात जायचंय, आणि गेली. पौलाला बायको नव्हती.

७ ऑक्टोबर, सोमवार
अंतिम निर्णय: मार्क. येशूचं चरित्र सांगणाऱ्या चारही शुभवर्तमानांत बहुतेक अभ्यासकांच्या मते आधी लिहिलेलं, आणि सगळ्यांत लहान. सोळा अध्याय. लहान आहे म्हणून निवडलं नाही, जुनं आहे म्हणून निवडलं.

माझ्या बायबलचा टाइप फार बारीक आहे. म्हणून बायकोचं मोठ्या अक्षरांचं घेतलं, लग्नात मिळालेलं. ती दर रविवारी तेच चर्चला नेते. समासांत जिकडेतिकडे तिच्या टिपा. गीतांचे क्रमांक, 'पंखा आवाज करतो', असलं काहीबाही. ही अचानक म्हणाली, थांबा, द्या इकडे, आधी काही ठिकाणी खोडरबर फिरवते. मी हात वर करून थांबवलं. मूळ प्रतीला कुणीही हात लावायचा नाही! नकलनवीसाचा पहिला नियम. ती म्हणाली, बरं, मग तुमचं तुम्ही बघा. आणि हसली. का हसली कळलं नाही.

१४ ऑक्टोबर
मार्कचा पहिला अध्याय लिहिला होता. बायकोने त्या पानांनी खिडकीची काच पुसली. म्हणाली, शाईचे डाग होते, मला वाटलं टाकलंय. मी रागावलो नाही. जुन्या करारात यिर्मया संदेष्ट्याच्या गुंडाळीचे तर राजाने चाकूने तुकडे केले आणि शेगडीत टाकले. यिर्मयाने शांतपणे आपल्या लेखनिकाला, बारूखाला, सगळं पुन्हा सांगितलं, वर आणखी भर घातली.

मीही पुन्हा लिहीन. भर मात्र घालणार नाही.

१७ ऑक्टोबर
मृत समुद्राजवळच्या गुहांत बरण्यांमध्ये ठेवलेल्या गुंडाळ्या दोन हजार वर्षं टिकल्या. म्हणून लिहिलेली पानं रिकाम्या पिठाच्या डब्यात ठेवली. डबा रिकामा नव्हता. पीठ आणि मार्क दोन्ही चाळून घेतलं.

२१ ऑक्टोबर, सोमवार. दुपारी, जेवणानंतर.
चौथा अध्याय एका बैठकीत! गाडी रुळावर आली. रहस्य सापडलं: अर्थाकडे बघायचंच नाही, फक्त अक्षरांकडे बघायचं. हात आपोआप चालतो. बत्तीस वर्षांची सवय आहे हाताला. समासात लिहिलेलं दिसलं आणि मजकुरात हंसपदाची खूण दिसली, की तो शब्द त्या जागी आत गेलाच पाहिजे. या खुणा बायकोलाही येतात. मीच शिकवल्या. लग्नाच्या पहिल्या वर्षी प्रुफं घरी आणायचो, ही मूळ प्रत मोठ्याने वाचायची, मी तपासायचो. छान दिवस होते.

मधे पाच मिनिटं चिंतन केलं. घड्याळाच्या मते पन्नास.

२२ ऑक्टोबर
जुन्या पद्धतीप्रमाणे ओळी मोजल्या. चौथ्या अध्यायात अंदाजापेक्षा दोन ओळी जास्त भरल्या. अक्षर मोठं आलं असणार.

१२ नोव्हेंबर
अकरावा अध्याय. मेव्हणा तपासायला मागत होता. त्याला म्हटलं, प्रूफरीडरचं प्रूफ वाचणारा अजून जन्माला यायचाय. बायको म्हणाली, मी मूळ प्रत धरते, तुम्ही तुमचं वाचून दाखवा, पूर्वीसारखं. म्हटलं, आता गरज नाही. तिने चष्मा काढून ठेवला.

उगाच नकार दिला. पण वेळ नव्हता.

२१ नोव्हेंबर, गुरुवार
सोळाव्या अध्यायात आठव्या वचनापर्यंत आलो आणि मनगट संपलं. पुढे बारा वचनं. मेव्हण्याला फोन. तो म्हणाला, सगळ्यांत जुन्या पूर्ण प्रतींत मार्क आठव्या वचनालाच थांबतो. त्याने पुढे वीस मिनिटं कारणं सांगितली, मी ऐकली नाहीत. पेनाला टोपण लावलं.

पूर्ण! सर्वांत प्राचीन परंपरेप्रमाणे पूर्ण.

२२ नोव्हेंबर
पाळक घरी आले. प्रत बघून खरंच खूश झाले. रविवारी उद्घाटनाला मी त्यातला एक उतारा मोठ्याने वाचायचा, मग प्रत पेटीत ठेवायची. वादळाचा प्रसंग निवडला, चौथ्या अध्यायातला. माझ्या आवाजाला वादळ शोभतं. बायकोला सांगितलं तर तिने तो उतारा कुठला असं दोनदा विचारलं. मग म्हणाली, दुसरा निवडा, ऐका माझं. हिला माझ्या आवाजावर विश्वास नाही.

सराव केला नाही. ताजेपणा जातो.

२४ नोव्हेंबर, रविवार. संध्याकाळी.
काय झालं ते जसंच्या तसं लिहितो.

हॉल भरलेला. मेव्हण्याचं भाषण झालं: हजाराहून अधिक वर्षं, कितीतरी माणसं, तीन भाषा, आधी गुंडाळ्या मग बांधलेली पुस्तकं, कुठली पुस्तकं घ्यायची यावर पिढ्यान्‌पिढ्या चर्चा. शेवटी म्हणाला, हे सगळं टिकलं ते नाव नसलेल्या नकलनवीसांमुळे, आणि माझ्याकडे हात केला. ऊर भरून आला.

उभा राहिलो. आवाज उत्तम लागला. वारा सुटला, लाटा होडीत आदळल्या, होडीत पाणी भरू लागलं. प्रभू मागच्या बाजूला उशीवर डोकं ठेवून झोपला होता, इथपर्यंत ठीक. पुढे माझ्या सुरेख अक्षरात जे होतं, ते मी त्याच वादळी आवाजात वाचलं:

आमचे हेही झोपलेत. दोनदा चिमटा काढला. वादळ आलं तरी उठायचे नाहीत.

शेवटच्या बाकापर्यंत स्पष्ट गेलं.

मी मान वर केली. बायकोने गीतांचं पुस्तक तोंडापुढे धरलं होतं आणि पुस्तक हलत होतं. मग पाळक हसले. पाळक हसल्यावर सगळ्यांना परवानगीच मिळाली. पाच मिनिटं कुणाला काही ऐकू येईना.

उरलेलं वादळ पाळकांनी छापील बायबलातून शमवलं.

२५ नोव्हेंबर, सोमवार
सकाळीच हॉलवर गेलो, ते पान फाडायला. पाळक नाही म्हणाले. प्रत काचेत आहे. त्याच पानावर उघडलेली. शेजारी बायकोचं बायबल, तेही त्याच पानावर. समासात तिची पेन्सिलीची टीप, मजकुरात हंसपद. मेव्हण्याने कार्ड लिहिलंय: 'समासातली टीप मजकुरात कशी शिरते. घरचा नमुना.' खाली माझं पूर्ण नाव. ठळक.

बाकीच्या टेबलांपुढे दोन-दोन माणसं. आमच्या पेटीपुढे रांग. एक बाई मुलीला सांगत होत्या, बघ, याच काकांनी केलं. सकाळपासून अकरा जणांनी हात मिळवला. लाज वाटली, खोटं कशाला बोलू. कान तापले होते.

गर्दी ओसरल्यावर पाळकांनी कुलूप काढून दिलं. हिचं बायबल चाळलं. चौतीस वर्षांचे रविवार. 'हे झोपले.' 'हे झोपले, घोरणं नाही.' 'पहिल्या गीतालाच गेले.' प्रत्येक ठिकाणी हंसपद, मी नेमका कुठल्या ओळीला झोपलो ते दाखवायला. खूण कशी सुबक! माझ्याहून चांगली काढते.

मग स्तोत्रांत एक पान. छापखाना बंद झाला त्या आठवड्याची तारीख. 'आज पूर्ण वेळ जागे होते. मला म्हणतात काही वाटत नाही. झोपले असते तर बरं झालं असतं.'

तिथे हंसपद नव्हतं. टीप पुन्हा पहिल्यापासून वाचली. हिने एवढं बघितलं आणि मला तिच्यापुढे एक पान वाचायला वेळ नव्हता.

घरी आल्यावर म्हटलं, ती उरलेली बारा वचनं लिहायचीत. तुझं बायबल काचेत आहे, माझं बारीक टाइपाचं मूळ प्रत म्हणून धरशील का? ती म्हणाली, जेवून मग बसू. बसलो. तिने चार चुका काढल्या. चारही बरोबर होत्या.

१ डिसेंबर, रविवार. दुपारी.
आजपासून नवा नियम: प्रवचन डोळे उघडे ठेवून ऐकायचं. विषय होता 'जागे राहा'. अत्यंत प्रभावी प्रवचन. सुरुवात फार आवडली.

बायकोचं बायबल काचेत, म्हणून ती माझं घेऊन बसली होती. चौतीस वर्षं कोरे राहिलेले माझे समास. मधे पेन्सिलीचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. झोपलेल्या माणसाला तो ऐकू येत नाही, हा सरळ पुरावा आहे.

घरी येऊन ती हात धूत असताना हळूच उघडून पाहिलं. मार्क, तेरावा अध्याय, आजच्या प्रवचनाचाच. समासात लिहिलंय: 'शांत झोपलेत आज. बरं वाटलं.'

हंसपद एक ओळ आधी पडलंय. ती ओळ मी पूर्ण ऐकली होती. पेन्सिल घेऊन योग्य जागी सरकवलं.