लाल खुणेच्या खाली

उस्मानपुरा,
छत्रपती संभाजीनगर

प्रिय मंदार,

'प्रिय' लिहिताना हात आखडला होता. पण पत्राची सुरुवात दुसरी कशी करतात ते मला येत नाही, म्हणून राहू दिलं. फोन केला असता तर तू उचलला नसतास, आणि उचलला असतास तर गोड बोलून मला गप्प केलं असतंस. कागदावर तुला मधे बोलता येत नाही, एवढ्यासाठी लिहितेय.

आमची धाकटी, रूपा, गेल्या आठवड्यापासून इथं आईकडे आहे. तू तिचा वरिष्ठ, तिच्या रजेच्या हुकमावर सहीही तुझीच, तेव्हा ही काही तुला बातमी नाही. पण ती कशी आहे ते तुला माहीत नसेल. मांडणीवरचे डबे काढते, पुसते, परत लावते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आई मला म्हणाली, "लेकरू धड खात नाय, बोलत नाय. काय केलं गं तिथं हिला?" मी काय सांगणार? शेवटी रूपाच्या मागे लागून लागून मी सगळं काढून घेतलं. ऐकताना माझं डोकं इतकं तापलं की हातातलं वाटण तसंच मिक्सरमध्ये राहिलं आणि संध्याकाळी माझ्या नवऱ्याला, राजेंद्रला, नुसत्या वरणावर जेवावं लागलं.

रूपाला मिळालेल्या अहवालात काय लिहिलंय ते मी वाचलं. नदीला पूर आला, जलपर्णी आणि काटक्याकुटक्या वाहत आल्या, पंपघराच्या जाळ्या तुंबल्या, आत पाणी कमी येऊ लागलं. पाणी लाल खुणेच्या खाली गेलं की अणुभट्टी बंद करायची, हा तुमचा नियम. नियंत्रण कक्षात खुर्चीवर बसलेल्यानं बंद करायची, त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही, हाही नियमच. रूपानं उशीर केला. सबब तिचा परवाना का काढून घेऊ नये, यावर चौकशी समिती सोमवारी बसणार. सगळं खरं आहे. फक्त त्या वेळी तिच्या खुर्चीमागे तू उभा होतास, एवढंच त्यात नाही. पाणी खुणेला टेकलं तेव्हा तिचा हात पुढे गेला होता आणि तू म्हणालास, "जरा थांब, जाळ्या साफ होतायत." पाणी खाली गेलं. तिनं वळून पाहिलं. तू पुन्हा म्हणालास, थांब. तिसऱ्यांदा ती तुझं ऐकायला थांबली नाही, तिनं भट्टी बंद केली. नशीब आमचं आणि नदीकाठच्या सगळ्या गावांचं.

तू का थांबवलंस तेही मला कळलंय. तुमचं केंद्र न थांबता चालण्याचा विक्रम चार दिवसांवर आला होता. मंडपवाला ठरला होता, दिल्लीचे साहेब येणार होते, कापडी फलकावर तुझं नाव छापून झालं होतं. अरे, त्या फलकाचा सदरा शिवायचा होता का तुला? काही झालं नाही, कुणाला इजा नाही, मग एवढं काय, असं तू स्वतःला समजावत असशील. तुझा स्वभाव मला पाठ आहे. काही झालं नाही, कारण एका मुलीनं शेवटी तुझं ऐकलं नाही. आणि त्याबद्दल तिला शाबासकी द्यायची सोडून तू तिला उशिराचा जाब विचारू देतोयस.

तुला आमचा स्वयंपाकघरातला तो रविवार आठवतो का? तू इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतास, मी बीएस्सीला, आणि ही चिमुरडी आठवीत. आईच्या कुकरखालचा गॅस बंद करून तू तिला विचारलंस, आता हा गार झाला का? ती म्हणाली, नाही, आत अजून वाफ आहे. तू म्हणालास, अणुभट्टीचं असंच असतं, बंद केली तरी आतली धग सरत नाही, म्हणून पाणी आधी सांभाळायचं. तिनं कुकरवर तांब्याभर पाणी ओतलं आणि आईनं दोघांना झापलं. त्या दिवसापासून तिला दुसरं काही सुचलंच नाही. तू तिला पुस्तकं आणून दिलीस, भौतिकशास्त्र शिकवलंस, मुलाखतीच्या आधी फोनवर तासन्‌तास तयारी करून घेतलीस. बाबा गेले तेव्हा आमच्या नातेवाइकांआधी तू आला होतास. हे मी विसरले नाही. म्हणून तर राग इतका आहे. परक्या साहेबानं असं केलं असतं तर मी वकील गाठला असता, पत्र लिहीत बसले नसते.

आपल्या दोघांचं मी इथं काढणार नव्हते. पण वेरूळहून परतताना एसटीच्या मागच्या बाकावर तू म्हणालास, 'घरी विचारून सांगतो', आणि मग सांगितलंच नाहीस. तुझ्या आईनं पाण्याचा पेला वेगळा ठेवला नव्हता, फक्त मी पुन्हा येऊ नये एवढंच तिनं पाहिलं, आणि तूही पाहिलंस. माझं काही अडलं नाही. राजेंद्र भला माणूस आहे, पोरं मोठी झाली, कॉलेजात मी शिकवते. पण तेव्हा तू गप्प बसलास त्याची किंमत माझ्यापुरती होती, म्हणून मी ती गिळली. रूपाची मी गिळणार नाही.

आणखी एक. तुमच्या कँटीनमध्ये कुणीतरी म्हणालं, "असल्यांना आणून खुर्चीत बसवलं की असंच व्हायचं." रूपा रांगेत ताट घेऊन उभी होती. असल्यांना म्हणजे कसल्यांना, हे तुलाही कळतं आणि मलाही. तू त्याच टेबलावर होतास. रूपा सांगत होती, दादांनी मान खाली घातली. अजून ती तुला दादाच म्हणते, बघ. मान खाली घातली म्हणजे तुला वाईट वाटलं, असं ती धरून चालली आहे. मला त्या मानेचं कौतुक नाही. तोंड कशासाठी आहे मग?

आता हे पत्र का, ते सांगते. काल मी तिला म्हटलं, समितीपुढे जाऊन सरळ सांग, मंदारनं थांबवलं. ती नाही म्हणाली. म्हणाली, दादांनी मला घडवलं, त्यांचं नाव मी घेणार नाही, आणि हात पुढे नेण्याचा अधिकार माझाच होता, तो मी वापरला नाही ही चूक माझीच. मी समितीला काही कळवायचं नाही, अशी तिनं मला आईची शपथ घातली. ती सोमवारी आत जाईल, 'चूक माझी' म्हणेल आणि तिचा परवाना जाईल. ज्या खुर्चीसाठी ती आठवीपासून जगली ती खुर्ची जाईल. तुझं ते हळू आवाजातलं 'थांब' तिच्याशिवाय कुणी ऐकलं नाही; समितीला हे खरं सांगू शकेल असं दुसरं कुणी नाही, मंदार. मी विनवणी करत नाही, मला तुझ्याकडून काही नको. तू तिच्या आधी आत जा आणि दोनदा थांब म्हणालास ते सांग. तू गेला नाहीस तर ती, वरिष्ठ म्हणून तिथं बसलेल्या तुझ्यासमोर उभी राहून तुझी चूक स्वतःची म्हणून कबूल करेल, आणि तू ते ऐकून घेशील, याचीच मला भीती वाटते.

एकेकाळी तुझीच म्हणवणारी,
विशाखा