हसू खालून वर जातं

४ जून
विभागप्रमुखाची खुर्ची मिळाली — तात्पुरती का होईना! समिती नेमणूक करेपर्यंत कारभार माझ्याकडे. दुसऱ्या उमेदवार शेजारच्या खोलीतल्या बाई. हुशार आहेत, पण विनोदाच्या नावानं आनंदीआनंद.

५ जून
वर्गात माझा सिद्धांत शिकवला. गंमत वाटते म्हणून आपण हसतो, हा भ्रम. हसणं ही कळपात लागलेली जुनी सवय. खालचा वरच्याला हसून सांगतो — मी तुझ्याच बाजूचा, मारू नकोस! मध्येच एक कोटी केली. पोरं खो खो हसली. अर्थात माझ्या कोट्या मुळातच चांगल्या असतात, तो मुद्दा वेगळा.

९ जून
आता कॉरिडॉरमध्येही हशा! झेरॉक्स मशीन बंद पडलंय, एवढंच म्हणालो. कारकून कोसळायचा बाकी. “सर, तुमचं टायमिंग!”

घरी हिला दिवसातली सर्वांत चांगली कोटी ऐकवली. ही कपड्यांच्या घड्या घालत राहिली. मग म्हणाली, “माझं न हसणं बसतं का हो तुमच्या शास्त्रात?”

“बसतं की. तुला माझ्याकडून काही नको असतं.”

“हवंय ना. विनोद आवरा.”

१७ जून
मुलाखत. समितीतले तत्त्वज्ञानाचे म्हातारे प्राध्यापक म्हणाले, “म्हणजे मनापासून हसणं असं काही नसतंच?” नसतंच, म्हणालो, ठणकावून. वर एक कोटीही केली. कुणी हसलं नाही. बरोबरच आहे, वरचे लोक!

२१ जून
बाई प्रमुख झाल्या.

२३ जून
चहाच्या वेळी दोन कोट्या केल्या. कारकून म्हणाला, “सर, जरा घाईत आहे.” विभागात संशोधन करणारी एक मुलगी फोनमध्ये डोकं घालून बसली. सिद्धांत शंभर टक्के खरा — आणि माझ्या तोंडाची चव गेली. म्हणजे सगळे खोटंच हसत होते? निदान दोघं-तिघं तरी खरे असतील, असं वाटलं होतं हो! फार वाईट वाटलं.

ही म्हणाली, “सिद्धांत जिंकला ना? मग तोंड पाडून का बसलात?”

२९ जून
बैठकीत नव्या प्रमुखबाईंनी विनोद केला. पंख्यावर काहीतरी. सगळ्यांच्या आधी मी हसलो. खोटं? छे! डोळ्यांत पाणी येईपर्यंत, अगदी मनापासून हसू आलं.