ताईचा सरळ पाय

गुरुवार, ९ नोव्हेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. वाकून करता येत नाही, म्हणून कागदावरच. इकडे सगळं ठीक आहे, माझा उजवा गुडघा सोडून. त्याची शस्त्रक्रिया येत्या बुधवारी ठरली. करणार आहे यांची जुनी विद्यार्थिनी, जिला सगळं हॉस्पिटल चिमणी म्हणायचं. आता ती विभागप्रमुख आहे, पण यांच्यासमोर अजून उभीच राहते.

फोन केला नाही, हे पत्र कुरियरने पाठवतेय, शनिवारपर्यंत मिळेल. तुझा आवाज ऐकला असता तर पुढचं सांगणं जमलं नसतं.

सोमवारी आम्ही तिच्याकडे गेलो. तिने खुब्यापासून घोट्यापर्यंतचा माझा एक्स-रे पडद्यावर लावला. म्हणाली, "काकू, तुमचा पाय झिजेने वाकलाय खरा, पण मुळातही तो थोडा बाकदारच होता." आई आपल्या दोघींच्या पायांना कंस म्हणायची, आठवतं?

चिमणीने दोन वाटा सांगितल्या. एक, नवा सांधा असा बसवायचा की पाय ओळंब्यात सरळ येईल. दुसरी, झिजेचा बाक काढायचा आणि जन्माचा थोडा राहू द्यायचा, म्हणजे गुडघ्याच्या बाजूचे बंध फारसे सैल करावे लागत नाहीत. "पहिलीचा अनुभव जास्त वर्षांचा आहे. दुसरीत काही जणांना पाय आपला वाटतो. सगळ्यांनाच वाटेल, असं मी छातीठोकपणे नाही सांगणार."

हे ताडकन उठले. "वाकडा बसवलेला सांधा ढिला होतो. असे किती उघडून मी पुन्हा बसवलेत! माझ्या बायकोवर प्रयोग नको."

"सर, बाक मर्यादेतच ठेवणार आहे," ती म्हणाली. उभी राहूनच, पण मागे हटली नाही.

घरी आल्यावर यांनी नेहमीचा हुकमी एक्का काढला. "तुझ्या ताईचा पाय बघ. माझ्या हातचं सगळ्यात सुरेख काम. फुटपट्टी लावून घे!"

ताई, मी गप्प बसायला हवं होतं. तू शपथ घातली होतीस. पण तोंडून निघून गेलं, "तो पाय तिला कधी आपला वाटलाच नाही. उसन्या पायावर चालतेय ती इतकी वर्षं."

हे खुर्चीत बसले ते बसलेच. मग विचारलं, "मला का नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारायचात, 'छान आहे ना?' त्यावर ती दुसरं काय बोलणार?"

त्यानंतर आमचं बोलणं बंद. मी दुसऱ्या वाटेचं संमतीपत्र सही करून आणलं. आज सकाळी ते कागद यांच्या हातात दिसले, तेव्हा फाडतात की काय म्हणून मी दारातच थिजले. चष्मा पुसून म्हणाले, "पाय तुझा, सही तुझी. पण त्याआधी मला ताईंचा गुडघा बघायचाय." रविवारी तुझ्याकडे येताहेत. एकटेच.

रागाव माझ्यावर. हवं तर जन्मात बोलू नकोस. पण हे आले की तू काठी दाराआड सारतेस, तशी या वेळी सारू नकोस. जिना उतरताना कुठे ओढतं ते त्यांचा हात धरून दाखव. ते बॅग भरताहेत आणि तोच सदरा तिसऱ्यांदा घडी करताहेत. घाबरलेत गं. मीही.

तुझी शपथ मोडलेली,
धाकटी